आधी परवानगी, मग हल्ला

संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांतलं एक वाक्य इथल्या वाचकांना पाठ झालेलं आहे: न्यायालयीन कोठडी मिळाल्यानंतर आरोपीची रवानगी हर्सूल कारागृहात करण्यात आली. मध्यवर्ती कारागृहामुळे हर्सूलचं नाव मराठवाडाभर पोचलं. तलाव आणि हरसिद्धी देवीचं मंदिर लोकांना आठवतं ते त्यानंतर. आता याच हर्सूलमधली, जटवाडा रस्त्याकडची मुलं 'मला एथिकल हॅकिंग शिकायचंय' असं घरी सांगू लागली आहेत, आणि आईवडिलांच्या मनात पहिली शंका येते ती त्या कारागृहाचीच. शंका रास्त आहे. तिचं उत्तर 'तसं काही नसतं' एवढ्यावर भागवणं बरोबर नाही, कारण या व्यवसायाचं सगळं मर्म त्याच उत्तरात आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० उघडून कलम ४३ वाचावं. दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, त्यात व्हायरस सोडणं, त्याचं काम बंद पाडणं अशी कृत्यं तिथे एकेक करून दिली आहेत, आणि ती सगळी एकाच अटीखाली येतात: मालकाच्या किंवा त्या यंत्रणेच्या प्रभारी माणसाच्या परवानगीविना. हेतू चांगला होता की वाईट, हा प्रश्न इथे अजून आलेलाच नाही. परवानगी नसेल तर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. हीच कृत्यं अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली, तर कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे हॅकर आणि एथिकल हॅकर यांची अवजारं एकच, ज्ञान एकच, पुष्कळदा टाइप केलेली कमांडही तीच. फरक पडतो तो काम सुरू करण्याआधी हातात असलेल्या एका कागदाने आणि काम संपल्यावर लिहिलेल्या दुसऱ्या कागदाने. पहिला कागद परवानगीचा, दुसरा अहवालाचा.

सोलापूरच्या मयूर फरताडेची गोष्ट या दोन्ही कागदांसह समजून घेण्यासारखी आहे. २०२१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला इन्स्टाग्राममध्ये एक दोष सापडला. इन्स्टाग्रामवरच्या प्रत्येक फोटोला, स्टोरीला, रीलला आतून एक क्रमांक असतो, त्याला मीडिया आयडी म्हणतात. फोन जेव्हा सर्व्हरकडे 'अमुक क्रमांकाचा फोटो दे' अशी विनंती पाठवतो, तेव्हा सर्व्हरने आधी पाहायला हवं की मागणाऱ्याला तो फोटो बघण्याचा अधिकार आहे का. खातं खाजगी असेल आणि मागणारा त्या खात्याला फॉलो करत नसेल, तर नकार द्यायला हवा. मयूरला एक अशी वाट सापडली जिथे ही तपासणी होतच नव्हती. क्रमांक बरोबर असला की खाजगी खात्यावरच्या, इतकंच काय, मालकाने अर्काइव्ह करून ठेवलेल्या पोस्टचाही तपशील मिळत होता.

१६ एप्रिल २०२१ ला त्याने हा दोष फेसबुकला कळवला. फेसबुकने २०११ पासून बग बाउंटी योजना चालवली आहे. दोष शोधा, आम्हाला कळवा, आम्ही पैसे देऊ, असं जाहीर आमंत्रण तिच्या नियमांसह प्रसिद्ध आहे. त्याची परवानगीची चिठ्ठी ती. पुढे काही दिवसांतच त्याला तशीच दुसरी वाट सापडली, तीही त्याने कळवली. १५ जूनपर्यंत दुरुस्ती पुरी झाली, त्याला ३० हजार डॉलरचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे २२ लाख रुपयांचं बक्षीस मिळालं, आणि त्यानंतरच त्याने सगळा प्रकार जाहीरपणे लिहिला. बातम्यांचे मथळे त्या २२ लाखांवर थांबले. मला मोल वाटतं ते मधल्या दोन महिन्यांचं. एवढा मोठा शोध हाती असताना कुणापाशी न बोलता, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत, दुरुस्ती होईपर्यंत थांबणं हा या कामाचा निम्मा भाग आहे.

या प्रकारचा दोष परदेशातल्या बड्या कंपन्यांपुरता आहे असं समजू नये. रक्ततपासणीनंतर प्रयोगशाळेकडून मोबाइलवर लिंक येते, तिच्या शेवटी ४१०७ असा काही क्रमांक असतो. त्या जागी ४१०८ टाकलं आणि दुसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट उघडला, तर दोष तोच. संकेतस्थळांच्या सुरक्षेवर २००१ पासून काम करणारी ओवॅस्प ही संस्था सर्वांत धोकादायक दहा प्रकारच्या दोषांची यादी काढते. २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक याच कुळाला होता: अधिकार न तपासता दार उघडणं. यात कुठेही गूढ कोड नाही, काळ्या पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरं नाहीत. प्रोग्रामरकडून एक प्रश्न विचारायचा राहून गेला, इतकंच.

मालकाच्या संमतीने त्याचीच सुरक्षा मोडून दाखवण्याची प्रथा संगणकाहून खूप जुनी आहे. लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ब्रामा कंपनीने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं होतं: किल्लीविना उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने आव्हान स्वीकारलं. त्याआधी त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवलं होतं. ब्रामाच्या कुलपासाठी पंच नेमले गेले, मुदत ठरली, आणि सोळा दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने ते उघडलं. तेव्हाही लोक म्हणाले की अशा गोष्टी उघड केल्याने चोरांचं फावतं. हॉब्जचं म्हणणं असं की चोरांना आपल्या धंद्याची माहिती आधीपासूनच असते, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने आपल्याच संगणकांवर हल्ले करणारी पथकं बसवली, १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ब्राउझरमधले दोष शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं, आणि हळूहळू याची नोकरी झाली, पदव्या आणि परीक्षा झाल्या.

आपल्याकडे या कामाची गरज किती आहे हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने दाखवून दिलं. १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी ही एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतर काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून, बनावट व्हिसा कार्डं वापरून, सुमारे बारा हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठीच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं, ते जरा सावकाश पाहू. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा विनंती कार्डाच्या नेटवर्कमधून आपल्या बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. हा स्विच म्हणजे मधला सर्व्हर. तो बँकेच्या मुख्य प्रणालीला, कोअर बँकिंगला, विचारतो की खात्यात शिल्लक आहे का, आणि मिळालेलं उत्तर परत पाठवतो. हल्लेखोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये मालवेअर घुसवून आपला बनावट स्विच मध्ये बसवला. बाहेरून येणाऱ्या विनंत्या त्याच्याकडे जाऊ लागल्या आणि तो कोअर बँकिंगला न विचारताच 'द्या पैसे' असं उत्तर देऊ लागला. त्यामुळे खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, तोटा थेट बँकेचा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा माग उत्तर कोरियापर्यंत नेला. पण भारतातल्या एटीएमपुढे उभं राहून नोटा काढणारे हात इथलेच होते. कोल्हापुरातल्या एटीएममधून पैसे काढल्याच्या तपासात पुणे पोलिसांनी सुरुवातीला जे पकडले, त्यांत भिवंडीच्या बरोबरीने औरंगाबादचे, म्हणजे आजच्या संभाजीनगरचेही तरुण होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं.

एका चाचणीने कॉसमॉस वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण अशा बँकेत चांगलं रेड टीम, म्हणजे संमतीने हल्लेखोराची भूमिका करणारं पथक, नेमकं काय विचारतं ते सांगतो. एखाद्या शाखेतल्या कारकुनाच्या संगणकावर ईमेलमधून ताबा मिळवला, तर तिथून एटीएम स्विचपर्यंत पोचता येतं का? मध्ये एक अनोळखी सर्व्हर उभा केला तर किती तासांनी, आणि कुणाच्या, लक्षात येतं? पुण्यातल्या सहकारी बँकेच्या कार्डांवर शनिवारी संध्याकाळी अनेक देशांतून एकदम पैसे निघू लागले तर कुठे घंटा वाजते का, आणि ती ऐकायला माणूस असतो का? दारं तपासणं हे पेनटेस्टचं, म्हणजे घुसखोरीच्या चाचणीचं काम. रेड टीम त्यापुढे जाऊन पाहते की चोर आत आल्यावर घरातलं कुणी जागं होतं का.

कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ ला तिच्या चार पातळ्या केल्या, बँक जितकी जास्त डिजिटल तितक्या अटी कडक. मराठवाड्यातल्या गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था मात्र या चौकटीत येत नाहीत. त्या सहकार खात्याकडे नोंदलेल्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाबाहेरच्या. त्यांच्याकडेही आता ॲप आहे, एसएमएस आहे, पिग्मी एजंटच्या हातात मशीन आहे. मला हा आजचा सर्वांत उघडा भाग वाटतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? सुरुवात करारपत्राने होते. त्यात स्कोप लिहिलेला असतो: कोणते सर्व्हर, कोणते आयपी पत्ते, कोणत्या वेळेत, कोणत्या पद्धती चालतील आणि कोणत्या नाहीत, काही बिघडलं तर रात्री फोन कुणाला करायचा. स्कोपमध्ये नसलेल्या शेजारच्या सर्व्हरला हात लावला तर तिथे पुन्हा कलम ४३ उभं आहे. मग माहिती गोळा करणं: कंपनीचे कोणते पत्ते इंटरनेटवर उघडे आहेत, कोणतं सॉफ्टवेअर, किती जुनी आवृत्ती. एनमॅपसारखं साधन उघडे पोर्ट दाखवतं, बर्प सूट ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं मध्येच थांबवून बदलू देतं. स्वयंचलित स्कॅनर शेकडो इशारे ओकतो. त्यांतले बरेच खोटे निघतात, आणि खरे कोणते हे हाताने पडताळण्यात दिवसचे दिवस जातात. मयूरने शोधला तसला दोष स्कॅनरच्या हाती सहसा लागत नाही, कारण कुणाला काय बघण्याचा अधिकार असावा हे मशीनला ठाऊक नसतं.

आणि मग अहवाल. ओएससीपी ही या क्षेत्रातली मानाची परीक्षा. उमेदवाराला जवळपास चोवीस तास दिलेल्या यंत्रणा भेदायच्या असतात, आणि त्यानंतर आणखी चोवीस तासांत लेखी अहवाल द्यायचा असतो. अहवाल नीट नसेल तर भेदलेल्या यंत्रणांचे गुण मिळत नाहीत. परीक्षेची ही रचना मला फार योग्य वाटते. दोष कुठे आहे, तो पुन्हा कसा करून बघायचा, त्यातून काय नुकसान होऊ शकतं, दुरुस्ती कशी करायची, हे वाचणाऱ्याला समजलं नाही तर सगळी मेहनत वाया. मराठवाड्यात काम करणाऱ्या पेनटेस्टरने तर तो दोनदा लिहावा, एकदा प्रोग्रामरसाठी तांत्रिक आणि एकदा संचालक मंडळासाठी स्वच्छ मराठीत. दुरुस्तीवर पैसे खर्च करायचा ठराव ज्यांच्या बैठकीत होतो, त्यांना दोषाची तीव्रता दाखवणारा 'क्रिटिकल, ९.८' हा आकडा काहीच सांगत नाही.

परवानगीचा प्रश्न दिसतो तितका सोपा नेहमीच नसतो. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद वेमुरु यांनी दोन परदेशी संशोधकांच्या साथीने मतदान यंत्राचा अभ्यास केला आणि त्यात फेरफार कसे करता येतील हे दाखवून दिलं. यंत्र त्यांना एका सूत्राने दिलं होतं आणि त्याचं नाव सांगायला त्यांनी नकार दिला. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून चोरीला गेल्याचं प्रशासनाचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना हैदराबादेतून अटक केली, आठवडाभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला. त्यांच्या निष्कर्षांबद्दल मतं काहीही असोत, ज्या यंत्रणेचा मालक तपासणीला तयार नाही तिची तपासणी कुणी आणि कशी करायची, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला आणि अजून उभा आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये प्रामाणिक हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरायचे नाहीत असं धोरण जाहीर केलं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात असं स्पष्ट संरक्षण नाही. आपल्याकडे सर्ट-इन आणि एनसीआयआयपीसी या केंद्र सरकारच्या संस्था दोष कळवण्याची वाट देतात, ती वापरावी. पण कळवण्याची वाट असणं आणि शोधण्याची मुभा असणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजून सरकारी संकेतस्थळांवर प्रयोग करणाऱ्या मुलांची मला खरोखर काळजी वाटते.

संभाजीनगरला या कामाची दुसरी एक बाजू कळायला हवी, ती कारखान्यांची. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला, आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडे असलेलं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. त्या हल्ल्याचा रोख भारतावर नव्हताच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथला माल ज्या बंदरातून जातो ते बंदर दूरच्या भांडणात अडकलं. कारखान्यात मशीन चालवणारे पीएलसी अनेकदा पंधरा-वीस वर्षं जुने असतात, साध्या स्कॅनिंगनेही बंद पडू शकतात. म्हणून तिथली चाचणी चालू लाइनवर करत नाहीत. सुट्टीच्या शटडाउनमध्ये किंवा वेगळ्या बसवलेल्या नमुन्यावर करतात. प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला शेजारी बसवल्याशिवाय सुरुवात करूच नये. इथल्या पॉलिटेक्निकमधून निघालेल्या, पीएलसी आणि नेटवर्क दोन्ही जाणणाऱ्या मुलामुलींसाठी ही मोठी जागा आहे, आणि पुण्या-बंगळुरूच्या वेब पेनटेस्टरला ती सहज भरता येणार नाही.

शिकायचं कुठे? विद्यापीठाच्या परिसरात नायलिट या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेचं केंद्र आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पण हा विषय वर्गापेक्षा टेबलावर जास्त शिकला जातो. सरावासाठी मुद्दाम दोष ठेवलेली संकेतस्थळं फुकट मिळतात: ओवॅस्पचं ज्यूस शॉप, डीव्हीडब्ल्यूए, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी. ती आपल्याच लॅपटॉपवर किंवा त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या परवानगीने फोडायची. आधी नेटवर्क, लिनक्स आणि एक प्रोग्रामिंग भाषा यांत सहा महिने घालावेत, मग साधनांकडे वळावं. 'सात दिवसांत इन्स्टाग्राम हॅक करायला शिका' म्हणणाऱ्या क्लासला एक रुपयाही देऊ नये. दुसऱ्याचं खातं उघडून देण्याचं जो शिकवतो तो गुन्हा शिकवतो. सोबतीची कमतरता नाही. पुण्यात डिसेंबर २००७ मध्ये क्लबहॅक ही हॅकरांची परिषद भरली, नल नावाच्या खुल्या गटाची नलकॉन परिषद २०१० मध्ये गोव्यात सुरू झाली, आणि या मंडळींनी जाहीर व्याख्यानांतून, एकमेकांना शिकवत, एक अख्खी पिढी घडवली.

शिकून तयार झालेल्या मुलीला उद्या हर्सूलच्या एखाद्या रुग्णालयाच्या किंवा पतसंस्थेच्या ॲपमध्ये, सहज वापरताना, दोष दिसला तर तिने कळवायचं कुणाला? बहुतेक संकेतस्थळांवर कर्जाच्या चौकशीचा नंबर असतो, दोष कळवायचा नसतो. यासाठी आरएफसी ९११६ हे मानक एप्रिल २०२२ पासून आहे. सर्व्हरवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची साधी फाइल ठेवायची. तिच्यात दोनच गोष्टी सक्तीच्या: संपर्काचा पत्ता आणि हा मजकूर कोणत्या तारखेपर्यंत खरा धरायचा ती तारीख. फाइल ठेवायला पाच मिनिटं पुरतात. त्या पत्त्यावर आलेला मेल वाचायला मात्र संस्थेला एक माणूस नेमावा लागतो, आणि कळवणाऱ्याला पहिलं उत्तर वकिलाच्या नोटिशीने न जाता त्या माणसाकडून जावं लागतं.